नकाशातल्या बाईशी बोलणारे आबा

“बाई, तुमी ह्या रूटवर नवीन दिसताय.”

आबा हे मोबाइलला म्हणायचे. सायकलच्या हँडलला रबरी पकडीत अडकवलेला मोबाइल, त्यात नकाशा आणि नकाशातून बोलणारी ती बाई. ती “तीनशे मीटरनंतर उजवीकडे वळा” म्हणाली की आबा ब्रेक न दाबता, नव्यानं कामावर लागलेल्या कंडक्टरला समजवावं तशा सुरात म्हणायचे, “उजवीकडचा पूल उकरलाय, बाई. आपण सरळ जाऊ.” ती पुन्हा तेच सांगायची. हे पुन्हा समजवायचे. शेवटी ती क्षणभर गप्प व्हायची आणि नवा रस्ता काढायची. मग आबा मागं वळून आम्हाला म्हणायचे, “ऐकती. पण येळ लागतो.”

बारामतीत सकाळी सायकली घेऊन निघणारे लोक तुम्ही पाहिले असतील. घट्ट कपडे, गॉगल, हातमोजे. आमचा गटही तसाच. त्यात आबा एकटेच खाकी पँट घालून यायचे. हेल्मेटच्या आत पांढरी टोपी असायची. टोपी काढून हेल्मेट घाला असं गटातल्या दातांच्या डॉक्टरांनी सुचवलं, तर म्हणाले, “टोपी डोक्याला हाय. हेल्मेट डॉक्टरला.”

सगळी नोकरी त्यांनी इंदापूर डेपोत एसटी चालवण्यात काढली होती. निवृत्तीनंतर बारामतीत आमच्या गल्लीत घर बांधलं. माझं मोबाइलचं दुकान त्याच गल्लीच्या तोंडाशी. डॉक्टरांनी मला वजन उतरवायला सांगितलं म्हणून मी सायकल घेतली होती. आबांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. पुण्याच्या लेकीनं हौसेनं गिअरची सायकल पाठवली आणि ते निघाले. “जन्मभर बसून चालवलं,” म्हणायचे, “आता चालवून बघू.”

एके दिवशी दुकानात आले आणि काउंटरवर मोबाइल ठेवून म्हणाले, “शेठ, तुमी नकाशावर लाल रेघ मारताय, ती मला पायजे.”

ती रेघ म्हणजे सायकलवाल्यांचं ॲप. कुठून निघालात, कुठं पोचलात, चढाला किती दमलात, सगळं त्यात उमटतं. मी ते घालून दिलं. मग एकेक करत बाकीचीही आली. वारा कुठून वाहतोय हे सांगणारं एक. उघड्या माळावर समोरून वारा आला की सायकल जागची हलत नाही, म्हणून ते लागतंच. पाऊस सांगणारं एक. आणि एक जरा वेगळं. सायकल जोरात आपटली आणि पुढं हालचाल झाली नाही, तर ते घरच्यांना आपोआप निरोप पाठवतं. आबांनी प्रत्येकाची परीक्षा घेतली. वाऱ्याचं ॲप बघायच्या आधी ते बोट ओलं करून हवेत धरायचे आणि मग मोबाइल उघडून म्हणायचे, “बराबर हाय याचं.”

रेघेच्या ॲपमध्ये प्रत्येक फेरीला नाव द्यायची सोय असते. आम्ही काहीच देत नसू. आबांच्या फेऱ्यांना मात्र पाटी असायची. ‘बारामती–इंदापूर जलद’. ‘बारामती–कोऱ्हाळे बुद्रुक, मार्गे पणदरे’. पावसात अर्ध्यातून परत फिरलो, तर ‘रद्द’. त्याच दातांच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, “आबा, आमचं तिकीट?” आबा म्हणाले, “तुमी पासवाले.”

आपटल्याचा निरोप पाठवणाऱ्या त्या ॲपनं मात्र एकदा घोळ घातला. कोऱ्हाळ्याहून येताना आम्ही पणदऱ्यात रसवंतीवर थांबलो होतो. आबांची सायकल स्टँडवरून घसरली आणि हँडल दगडावर आदळलं. मोबाइलनं समजून घेतलं की माणूस पडला. आबा तिकडं रसात लिंबू पिळत बसले होते आणि इकडं बारामतीत त्यांच्या बायकोच्या मोबाइलवर निरोप गेला होता. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. शेजारणीच्या स्कूटीवर मागं बसून काकू पणदऱ्याला पोचल्या, तेव्हा पायात दोन वेगळ्या चपला होत्या.

आबा उठून उभे राहिले. “मी न्हाय पडलो,” म्हणाले. “सायकल पडली.”

काकू बाकड्यावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. आबांनी आपला ग्लास त्यांच्या हातात दिला. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, “ते मशीन काढून टाका.” आणि रस अर्धा संपल्यावर म्हणाल्या, “नगं. असू द्या.”

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसलोही. पुढं काय झालं ते आता सांगतो.

एकदा इंदापूरला निघालो होतो. वाटेत जंक्शन नावाचंच गाव आहे, तिथं चार रस्ते फुटतात. आबा नेहमी पुढं असायचे. चौकात त्यांनी पाय टेकला आणि उभे राहिले. मी जवळ गेलो. ते एका रस्त्याकडे बघत होते, मग दुसऱ्याकडे. समोर इंदापूरची पाटी होती. त्यांनी नकाशा लावला. बाई म्हणाली, “सरळ पुढे जा.” आबांनी मान हलवली आणि सरळ गेले.

त्यानंतर ते तिच्याशी भांडेनासे झाले. ती डावीकडं म्हणाली की डावीकडं, उजवीकडं म्हणाली की उजवीकडं. एकदा तिनं आम्हाला एका शेताच्या बांधावर नेऊन सोडलं, तेव्हाही आबा मुकाट्यानं गेले. गटातले लोक म्हणाले, बरं झालं, दोघांचं जमलं एकदाचं.

माझ्या मनाला लागून राहिली ती रेघ. ॲपवर आम्हाला एकमेकांच्या फेऱ्या दिसतात. एका सकाळी आबा एकटेच गेले होते. त्यांची रेघ पणदऱ्यापर्यंत सरळ गेली होती, सरळ परत आली होती आणि आमच्या वसाहतीत शिरल्यावर तिचा गुंता झाला होता. एकाच चौकोनाभोवती फेऱ्या. आमच्या गल्लीच्या तोंडावरून, म्हणजे माझ्या बंद दुकानासमोरून, ती पुन्हापुन्हा गेली होती आणि आत वळली नव्हती. त्या फेरीला पाटी नव्हती.

मी विचारलं नाही. दोन-तीन दिवसांनी आबा स्वतःच आले. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत मोबाइलची कव्हरं चाळत उभे राहिले. मग काउंटरवर वाकून हळू म्हणाले, “शेठ, त्या बाईला माजं घर सांगून ठिवता येतं का?”

“येतं की.”

“म्हंजी मी कुठनंबी इचारलं, तर ती घरी आणील?”

“आणेल.”

मी त्यांच्या घरावर खूण करून दिली. एकदा बोट लावलं की ‘घर’. त्यांनी माझ्यासमोर ते करून बघितलं. बाई म्हणाली, “आपण पोहोचला आहात.” दुकानापासून घर तसं जवळच. आबा हसले नाहीत. जाताना म्हणाले, “घरात बोलू नगा. ती उगी काळजी करती.”

त्याच आठवड्यात काकू आल्या. हातात आबांचा मोबाइल. “आवाज बारीक येतोय म्हणून दावायला आणलाय, असं सांगितलंय त्येंना,” म्हणाल्या. आवाज ठीक होता. काकूंनी आपलाही मोबाइल पिशवीतून काढला आणि दोन्ही शेजारीशेजारी ठेवले. “दादा, हे कुठं हायती ते माज्या ह्याच्यात दिसंल असं काय करता येतं का? लेक म्हणत व्हती, येतं म्हणून.”

येतं. सायकलवाल्यांसाठी ती सोय असतेच. आपण रस्त्यावर असताना आपला ठिपका घरच्यांना सरकताना दिसतो. मी ते जोडून दिलं. काकूंच्या मोबाइलवर दोन ठिपके आले, दोन्ही माझ्या दुकानात. त्या बघत राहिल्या.

“त्येंना कळू देऊ नगा,” म्हणाल्या. “मानी माणूस हाय. वाईट वाटंल.”

मग त्यांनी सांगितलं. पुण्याला लेकीकडे नेऊन दाखवलं होतं. मेंदूचा आजार. हळूहळू विसरत जाणार. औषध आहे, पण ते परत आणत नाही, फक्त जरा थोपवतं. लेक म्हणत होती, सायकल विकून टाका, उद्या कुठं ट्रकखाली गेले म्हणजे. डॉक्टर म्हणाले, एकट्यानं लांब जाऊ देऊ नका.

“मग काय ठरवलंत?”

“सायकल काढून घेतली तर हे घरातल्या घरात हरवतील, दादा,” काकू म्हणाल्या. “त्यापरीस रस्त्यावर हरवू द्या. तितं तरी त्येंना शोधता येईल.”

लेक हट्टाला पेटली होती. तिचं चुकत होतं असंही नाही. काकूंनी तिला एवढंच सांगितलं की मी आहे तोवर बघते. तेव्हापासून आमच्यातला कुणी ना कुणी आबांबरोबर असायचा. ते एकटे निघाले तर काकू ओट्यावर मोबाइल उभा करून स्वयंपाक करायच्या. भाकरी थापताना ठिपका बघायचा, उलथताना बघायचा. ठिपका फार वेळ एका जागी थांबला की मला फोन. मी गाडी काढून जायचो आणि सहज भेटल्यासारखं करायचो. “आबा, तुम्ही इकडं?” ते म्हणायचे, “व्हय, जरा थांबलोय.” मग आम्ही बरोबर परत यायचो.

असाच एकदा कालव्याच्या पुलावर त्यांना गाठलं. शेजारी उभा राहिलो. खाली पाणी वाहत होतं. आपला ठिपका कुणालातरी दिसतोय हे सांगणारी एक बारीक निळी खूण मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यात असते, तिच्यावर आबांनी बोट ठेवलं.

“आमची ही बघती न्हवं मला ह्यातनं?”

मी खाली पाण्याकडे बघितलं.

“बघू दे,” आबा म्हणाले. “ती बघती म्हणून तर निघतो.” आणि सायकल वळवताना, “तिला सांगू नगा, मला ठावं हाय म्हणून.”

दोघांनीही मला एकमेकांपासून लपवायला सांगितलेलं, आणि दोघांनाही ठाऊक असलेलं. मी कुणालाच काही बोललो नाही. त्यांचं त्यांनी इतकं नीट चालवलं होतं की त्यात माझ्या बोलण्याला जागाच नव्हती.

हिवाळ्यात एका सकाळी मी दुकान उघडत होतो, तेव्हा काकू आल्या. उजाडायच्या आत आबा निघाले होते. ठिपका लासुर्ण्यापुढं, जंक्शनपुढं, निमगावापुढं गेला होता आणि आता इंदापुरात होता. फोन लावला तर उचलत नव्हते. आम्ही बघत असतानाच ठिपका इंदापूरच्या एसटी स्टँडच्या आत शिरला, थोडा थांबला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडला.

“स्टँडात कशाला गेलं?” काकू म्हणाल्या.

मी शटर परत ओढलं. काकूंना गाडीत बसवलं आणि निघालो. ठिपका इंदापूर सोडून खाली नदीच्या दिशेनं चालला होता. भरकटत नव्हता. एक सरळ लय होती त्याला. मात्र प्रत्येक फाट्यावर तो थांबत होता. क्षणभर थांबायचा, मग निघायचा. पुढचा फाटा, पुन्हा तसंच. काकू मांडीवर मोबाइल धरून बसल्या होत्या. इंदापूर मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, “हे गाडी चालवाय लागल्यात.”

नोकरीची बरीच वर्षं आबांनी इंदापूर–नरसिंहपूर ही मुक्कामी गाडी चालवली होती. संध्याकाळी नरसिंहपुरात पोचायचं, देवळाजवळ गाडी लावायची, रात्री गाडीतच झोपायचं आणि पहाटे दुधाच्या किटल्या आणि शाळेची पोरं घेऊन परतायचं. प्रत्येक फाट्यावर माणसं चढवायची, उतरवायची. ते आता तेच करत होते.

बावड्याच्या पुढं ते आम्हाला दिसले. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधून खाकी पँट. पाठ ताठ होती. मी वेग वाढवला तर काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. “मागंच ऱ्हावा. पोचू द्या त्येंना.”

मागून ट्रॅक्टर येत होते, ट्रॉल्या येत होत्या. मी गाडी आबांच्या मागं, जरा रस्त्याच्या मध्ये ठेवली, म्हणजे सगळ्यांना आम्हाला वळसा घालून जावं लागेल. लोक हॉर्न वाजवत होते, काचेतून शिव्या देत होते. पुढं आबा एका फाट्यावर थांबले, मागं वळून बघितलं, कुणीतरी चढल्याची खात्री करून घेतल्यासारखं, आणि निघाले. त्यांनी आमच्या गाडीकडे बघितलं. ओळख लागली नाही.

नरसिंहपुरात पोचायला दुपार कलली. देवळाच्या अलीकडे, जिथं पूर्वी गाडी लागायची, तिथं आबांनी सायकल उभी केली. चाकाला दगड लावला. मग घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. समोर नीरा भीमेला मिळते. पाणी संथ होतं. मी जरा लांब उभा राहिलो. काकू गाडीतून पाण्याची बाटली घेऊन गेल्या आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसल्या.

आबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि अदबीनं म्हणाले, “मावशी, गाडी आता सकाळीच हाय. ही मुक्कामी गाडी हाय.”

काकूंचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती हलली नाही.

“असू द्या,” काकू म्हणाल्या. “मी बसते.”

“लांब जायाचं हाय का?”

“बारामतीला.”

“मग इंदापुरात बदलावी लागंल गाडी,” आबा म्हणाले. “मी बसवून दीन. काळजी करू नगा. माजी बायकोबी बारामतीचीच हाय.”

काकूंनी बाटलीचं झाकण उघडून पाणी पुढं केलं. आबांनी ओंजळ धरली. त्या ओतत राहिल्या, ते पीत राहिले. मग पिशवीतून काकूंनी भाकरी काढली. निघताना एवढं कसं सुचलं होतं कोण जाणे. दोघांनी मिळून खाल्ली. आबा त्यांना आपल्या बायकोबद्दल सांगत होते. ती फार काळजी करते, जागी राहते, मुक्कामाच्या रात्री तिला झोप लागत नाही, म्हणून बदली मागायची आहे. काकू “व्हय”, “व्हय का” म्हणत ऐकत होत्या. इतक्या वर्षांत हे आबांनी घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं, हे काकूंनी मला नंतर सांगितलं.

ऊन उतरलं तशी आबांची मान खाली गेली. जरा वेळ डोळे मिटून बसले. उघडले तेव्हा त्यांनी आधी पाण्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे, मग शेजारी.

“तू कवा आलीस?”

“तुमच्याच मागं आले,” काकू म्हणाल्या. “चला घरी.”

सायकलचं पुढचं चाक काढून ती मागच्या सीटवर आडवी घातली. काकू मागं तिच्याशेजारी अंग चोरून बसल्या आणि आबा पुढं, माझ्या शेजारी. सगळ्या वाटेत त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे होतं. एका वळणावर हळूच म्हणाले, “गिअर पाडा, शेठ.” मी पाडला.

ती त्यांची शेवटची फेरी. सायकल चालवायचं त्यांनी आपणहून सोडलं, कुणी काढून घ्यायची वेळ आली नाही. ॲपवर त्या दिवशीची रेघ बारामतीपासून नरसिंहपूरपर्यंत एका दमात उमटलेली आहे. आमच्या गटातल्या कुणीही एवढी लांब रेघ एका दिवसात मारलेली नाही. लोकांनी खाली अभिनंदन लिहिलं. आबांनी ते वाचलं की नाही माहीत नाही.

पुढच्या वर्षभरात बोलणं कमी होत गेलं, मग थांबलं. काकू रोज सकाळी त्यांना कालव्याच्या रस्त्यानं फिरायला न्यायच्या. नुसते चालताना त्यांचा तोल जायचा, म्हणून सायकल बरोबर. सायकल मध्ये, एका बाजूला आबा हँडल धरून, दुसऱ्या बाजूला काकू. काकू नेहमी पाण्याच्या बाजूला चालायच्या, अगदी कडेला, आबांना रस्त्याची बाजू मिळावी म्हणून. आमचा गट शेजारून जायचा तेव्हा आम्ही वेग कमी करायचो. आबा आमच्याकडे बघायचे. कधीकधी त्यांच्या चेहऱ्यावर थोडं काहीतरी यायचं आणि जायचं.

उन्हाळा संपता संपता त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. लेक काकूंना पुण्याला चला म्हणाली. काकू गेल्या नाहीत. सायकल त्यांनी लेकीला परत नेऊन दिली.

काकू अजून सकाळी कालव्यावर फिरायला येतात. एकट्याच असतात. परवा शेतीसाठी कालव्याचं आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठोकाठ भरून चाललं होतं. मी सायकल थांबवून म्हटलं, “काकू, एवढ्या कडेनं नका चालू. रस्ता सगळा मोकळा आहे.”

त्यांनी शेजारच्या मोकळ्या रस्त्याकडे बघितलं.

“व्हय की,” म्हणाल्या. आणि तशाच कडेनं पुढं चालत गेल्या.